तुमचा पहिला कोड पुसू नका
पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या सराव वर्गातील विद्यार्थी आणि पालकांसाठी

दर शनिवारी तोच प्रकार होतो. आठवड्याचा प्रश्न देऊन तीन-चार दिवस झालेले असतात. तपासायला फाइल उघडली की आत नीटनेटका, बिनचूक कोड. विचारलं, "पहिल्यांदाच असा लिहिलास का?" की उत्तर येतं, "नाही सर, आधीचा चुकला होता, तो डिलीट केला. मैत्रिणीचा बघून हा लिहिला." मग आधीचा कोड आठवण्यात पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि बहुतेक वेळा तो आठवत नाहीच. ही मिनिटं तुमच्याच तासातली असतात, म्हणून हे माहितीपत्रक.

चुकलेला कोड आम्हाला का हवा असतो, ते आमच्या दुसऱ्या आठवड्याच्या प्रश्नावरून सांगतो. प्रोजेक्ट ऑयलर या प्रसिद्ध प्रश्नसंग्रहातला तो पहिलाच प्रश्न आहे: १००० पेक्षा लहान असलेल्या, ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज करा. बरोबर उत्तर २,३३,१६८.

कोणी २,३४,१६८ आणलं तर फरक बरोबर हजाराचा आहे. म्हणजे 'पेक्षा लहान' हे शब्द न वाचता १००० सुद्धा बेरजेत घेतलं. २,६६,३३३ आलं तर ३ च्या पाढ्यासाठी एक लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या ओळी), ५ च्या पाढ्यासाठी दुसरा, आणि १५, ३०, ४५ अशा संख्या दोनदा मोजल्या गेल्या. सगळ्यात बोलकं उत्तर ३,६५,८३२. आपण मराठीत "तीन किंवा पाचने भाग जातो" असं म्हणतो, आणि मुलं तेच वाक्य जसंच्या तसं कोडमध्ये उतरवतात: ३ ने भागल्यावरची बाकी, मग 'ऑर' (म्हणजे 'किंवा'), मग ५ ने भागल्यावरची बाकी शून्य. 'बाकी शून्य' ही अट दुसऱ्याच भागाला लागते. पहिल्या भागात नुसती बाकी उरते, आणि पायथॉन शून्य नसलेली कोणतीही संख्या खरी मानतो. त्यामुळे ३ ने भाग न जाणाऱ्या सगळ्या संख्या बेरजेत येतात.

तीन चुका, तीन वेगळी कारणं. नुसता आकडा पाहून कुठे बोट ठेवायचं ते आम्हाला कळतं, आणि पाच मिनिटांत काम होतं. तो कोड पुसून वर मैत्रिणीचा बरोबर कोड बसवला की कारण आत तसंच राहतं आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या प्रश्नात निघतं.

म्हणून एवढंच करा. पहिला प्रयत्न 'पहिला' नावाच्या फाइलमध्ये ठेवा, चुकलेला असला, अर्धा असला, एरर देत असला तरी. दुसऱ्याचं उत्तर पाहिल्यावर जे लिहाल ते 'दुसरा' या वेगळ्या फाइलमध्ये. एआयला विचारलं असेल तर तेही लिहा, त्यासाठी कोणाला रागावत नाही. शुक्रवारी रात्रीपर्यंत दोन्ही फाइली पाठवा.

पालक नेहमी विचारतात, "उत्तरं प्रश्नांबरोबरच का देत नाही? मूल दोन दोन दिवस अडून बसतं." अडून बसतं हे खरं आहे, आणि ते पाहताना तुम्हाला वाईट वाटतं हेही आम्हाला कळतं. पण दुसऱ्याच्या उत्तराशी तुलना करायला आधी स्वतःचं काहीतरी लागतं. स्वतःचं काहीच लिहिलेलं नसताना दुसऱ्याचं उत्तर वाचलं की सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या स्क्रीनसमोर एक ओळ सुचत नाही. फारच अडलं तर गुरुवारी संध्याकाळी फोन करा. उत्तर सांगणार नाही, पण छोट्या आकड्यावर ड्राय रन, म्हणजे कोड न चालवता एकेक पायरी हाताने, करून घेऊ. वरचाच प्रश्न १० पेक्षा लहान संख्यांसाठी घेतला तर ३, ५, ६, ९, बेरीज २३. बहुतेकांची गाठ इथेच सुटते.

शनिवारी आम्ही एकाच प्रश्नाची तीन-चार बरोबर उत्तरं, नावं काढून, फळ्यावर शेजारी शेजारी मांडतो. एकाने लूप आणि इफ (अट तपासणारी ओळ) वापरलेलं असतं. एकीने ३ चे आणि ५ चे पाढे सेटमध्ये, म्हणजे प्रत्येक संख्या एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात, टाकून दुबार संख्या आपोआप घालवलेल्या असतात. एखादा कागदावर गणित मांडून येतो: ३ च्या पाढ्याची बेरीज १,६६,८३३, ५ च्या पाढ्याची ९९,५००, या दोन्हींच्या बेरजेतून १५ च्या पाढ्याची ३३,१६५ वजा. हजारापर्यंत तिन्ही सारखेच वाटतात. मर्यादा १०० कोटी केली की लूप बराच वेळ चालत राहतो, सेटला घरच्या लॅपटॉपची मेमरी पुरत नाही, आणि सूत्र तत्काळ उत्तर देतं. हे व्याख्यानात सांगून पटत नाही. स्वतःचा लूप संपता संपत नाही हे दिसलं की पटतं.

मात्र कमी ओळींचा कोड म्हणजे चांगला कोड, असं आम्ही मानत नाही आणि त्यासाठी जास्त गुणही देत नाही. शब्द उलटसुलट सारखाच आहे का, या प्रश्नाला सगळे एका ओळीत उत्तर देतात. 'नयन' आणि 'कनक' दिले तर ते बरोबर चालतं. 'नवजीवन' दिलं की पायथॉन नाही म्हणतो, कारण त्याच्या लेखी 'जी' हे एक अक्षर नसून 'ज' आणि वेलांटी अशी दोन चिन्हं आहेत, आणि उलटं केल्यावर 'नवीजवन' होतं. हा शब्द एका विद्यार्थिनीनेच सुचवला होता. तेव्हापासून तो आमच्या यादीत कायम आहे.

एका बॅचमध्ये बाराच जण घेतो. जास्त घेतले तर प्रत्येकाच्या दोन फाइली वाचून होत नाहीत. नवीन बॅचमध्ये यायचा विचार असेल तर आधी एका शनिवारी येऊन मागे बसा, त्याची फी नाही. पालकही येऊ शकतात. येताना स्वतः लिहिलेला एखादा प्रोग्राम आणा, न चालणारा असला तर आधी तोच उघडू.