चाळीस टनांचा ढीग, वाटणी अशक्य

बुद्धिबळाच्या पटावर तांदूळ मागणाऱ्या हुशार माणसाची गोष्ट ठाऊक असेलच. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. आपण राजाला कंगाल न करता एकतिसाव्या घरापाशीच थांबू. तिथवरच्या दाण्यांची बेरीज होते २,१४,७४,८३,६४७. दाणा २० मिलिग्रॅमचा धरला, तर ढीग साधारण ४३ टनांचा.

आता तो सारखा वाटायला घ्या. दोघांत वाटला तर एक दाणा उरतो. तिघांत एक, पाच जणांत दोन, सात जणांत पुन्हा एक. काहीही करा, काहीतरी उरतंच. एकट्यानेच सगळा ढीग उचलावा, नाहीतर २१४ कोटींहून जास्त माणसांनी एकेक दाणा घेऊन घरी जावं. ही मूळ संख्या आहे.

पण हे कळलं कसं? सरळ मार्गाने गेलं तर ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायला हवं. अशा संख्या सुमारे ४,८०० आहेत. स्विस गणितज्ञ ऑयलरने हा प्रश्न १७७२ मध्ये सोडवला. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती. त्याने आधी भाजकांचीच चाळणी केली: या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या असलीच, तर तिला २४८ ने (म्हणजे ३१ गुणिले ८ ने) भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. ३११ चालेल, ३१३ ला हातही लावायला नको. या चाळणीतून जेमतेम ३७२ उमेदवार उरतात, आणि त्यातल्या एकानेही नि:शेष भाग जात नाही. मला तर उत्तरापेक्षा ही चाळणीच जास्त आवडते.

याच संख्येला २ च्या तिसाव्या घाताने गुणलं की १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहून टाकलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणारच नाही. असल्या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग शून्य! बार्लोसाहेब दोन्हीकडे चुकले. १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लुकाने ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली आणि अशाच गुणाकाराने तिच्यामागोमाग आणखी मोठी परिपूर्ण संख्याही आली.

उपयोगाचं म्हणाल, तर १ घ्या. १६,८०७ ने गुणा, आपल्या संख्येने भागा, बाकी ठेवा. पुन्हा तेच. १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३. भाजक मूळ असल्यामुळे आणि गुणक नीट निवडल्यामुळे त्याच्याहून लहान प्रत्येक संख्या एकेकदा येऊन जाते, तेव्हाच १ परत दिसतो. संगणकाला ‘यादृच्छिक’ आकडे पुरवायला हीच युक्ती १९६९ पासून वापरात आली.

शिवाय संगणकातल्या ३२ बिटांच्या (म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांच्या) कप्प्यात एक बिट चिन्हासाठी ठेवला की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. जुन्या संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशाच कप्प्यात मोजतात. आपल्याकडे १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो कप्पा भरेल. तोवर न बदललेल्या यंत्रांवर पुढच्याच सेकंदाला आकडा उलटून ऋण होईल आणि डिसेंबर १९०१ उजाडेल.