तसबिरीच्या कडेला काय आहे? क्विअर व्यक्तिचित्रांची पार्श्वभूमी

तैलरंगात तसबीर काढून घ्यायची तर पूर्वी ऐपत लागायची. नुसता चेहरा ओळखू येऊन भागत नसे. शेल्याची जर, तलवारीची मूठ, मागचा मखमली पडदा यांवरून आसामी कोण ते कळायचं. बडोद्याच्या गायकवाडांसाठी राजा रविवर्म्याने अशीच चित्रं केली. पुढे १८९४ मध्ये त्याचा छापखाना मुंबईत निघाला, नंतर मळवलीला गेला, आणि ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं) नि कॅलेंडरांच्या रूपाने ही धाटणी साध्या घरांच्या भिंतींवर आली.

चित्रकार भूपेन खक्कर (१९३४–२००३) मुंबईत खेतवाडीला वाढले. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, संध्याकाळी जे.जे.चे वर्ग. १९६२ मध्ये बडोद्याला गेले. चित्रं काढत असताना हिशेबाचं अर्धवेळ काम बरीच वर्षं चालू ठेवलं. १९७० नंतर त्यांनी घड्याळं दुरुस्त करणारा, न्हावी, शिंपी अशांना कॅनव्हासवर आणलं. ज्यांची तसबीर कुणी काढली नसती, त्यांना कॅलेंडरातल्या देवासारखं समोरासमोर उभं केलं.

आपल्याकडच्या क्विअर (समलिंगी, पारलिंगी वगैरे) चित्रकलेची गोष्ट सांगताना बहुतेक जण १९८१ पासून, खक्करांच्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (सगळ्यांना खूश करता येत नाही) या चित्रापासून, सुरुवात करतात. आम्हाला ते अपुरं वाटतं, कारण मांडणीची युक्ती आधीच हाती आली होती. प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ घेतलेल्या माणसाचं १९७५ चं चित्र पाहा. मधला माणूस निर्विकार. त्याचं जगणं बाजूच्या छोट्या-छोट्या प्रसंगांत, नाथद्वाऱ्याच्या पिछवाईत (देवामागच्या चित्रित पडद्यात) मूर्तीभोवती प्रसंग असतात तसं. जे तोंडाने सांगता येत नाही ते कडेला ठेवायचं.

१९७९ मध्ये खक्कर इंग्लंडमध्ये राहिले. तिथे १९६७ पासून पुरुषांमधले खासगी संबंध गुन्हा नव्हते, आणि समलिंगी माणसं उघडपणे जगताना त्यांनी जवळून पाहिली. १९८० मध्ये आई गेली. १९८१ मध्ये ‘यू कान्ट प्लीज ऑल’ झालं: सुमारे पावणेदोन मीटर चौरस कॅनव्हास, उजवीकडे गच्चीत विवस्त्र, आपल्याकडे जवळजवळ पाठ केलेला माणूस, खाली गावात बाप, मुलगा आणि गाढव यांची गोष्ट. गाढवावर बापाने बसावं की मुलाने, ही आपल्याकडे शाळेत ऐकलेलीच. तेच बापलेक एकाच चित्रात पुन्हा-पुन्हा दिसतात, प्रत्येक वेळी लोकांचा नवा सल्ला ऐकून. म्हणजे चेहरा दाखवायचं टाळून केलेलं आत्मचित्र. कबुली सगळी खालच्या गावात आहे. पुढच्याच वर्षी ‘टू मेन इन बनारस’मध्ये दोन विवस्त्र पुरुषांची मिठी आली, तीही भोवती साधू आणि पूजाअर्चा चालू असताना.

ही चित्रं पाहताना हमखास होणारी चूक सांगायला हवी. फोनच्या सात सेंटीमीटर पडद्यावर ‘यू कान्ट प्लीज ऑल’चा कॅनव्हास पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. वीतभर आकृती सेंटीमीटरही उरत नाही. मग गाढव दिसत नाही, साधू दिसत नाहीत, फक्त नग्नता उरते, आणि लोक तेवढ्यावरच भांडतात. आधी कडा मोठ्या करून बघाव्यात.

त्या काळी भारतीय दंडविधानाचं ३७७ वं कलम जन्मठेपेपर्यंत शिक्षा देऊ शकत होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते मर्यादित केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना मोकळीक मिळाली. खक्करांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

खक्करांनंतरच्या पिढीत लाहोरला जन्मलेले, न्यूयॉर्कला राहणारे सलमान तूर (जन्म १९८३) आठवणीतून नि कल्पनेतून रंगवतात; समोर मॉडेल नसतं. फोटोवरून चौकटी आखून मोठं केलं तर प्रकाश आणि सावली आयती मिळते, तशी इथे मिळत नाही. उजेड कुठून येतो हे चित्रकाराला ठरवावं लागतं. त्यांच्या कितीतरी चित्रांवर एक हिरवट झाक असते. हे दिसतं तेवढं सोपं नाही: ओल्या हिरव्यात त्वचेचा लालसर तपकिरी मिसळला की दोन्ही रंग एकमेकांना मारतात आणि गाल चिखलकरडा होतो. पातळ हिरवा थर आधी सुकू द्यावा लागतो, वरचा थर जास्त तेलाचा घ्यावा लागतो. उलट केलं तर पुढे तडे जातात.

२०१९ च्या त्यांच्या एका चित्रात तपासणीसाठी अडवलेला तरुण आहे, त्याच्यासमोर त्याचं सामान मांडलेलं. चित्राच्या नावात त्या वस्तूच आहेत: चेहऱ्याची क्रीमं आणि फोनचा प्लग.