हिरवा कनेक्टर, निळा कनेक्टर: ही भानगड आली कुठून

मागच्या पावसात आमच्या गुहागरच्या घरी नेट सारखं जायचं, मॉडेमवरचा लाल दिवा लागायचा विझायचा. फायबरची केबल माडांना बांधत बांधत वाडीत आलेली, त्यामुळे सगळ्यांना वाटलं वाऱ्याने कुठेतरी ताण बसला असणार. शेवटी कळलं की दुरुस्तीला आलेल्या माणसाने केबलच्या टोकाला हिरव्याच्या जागी निळा कनेक्टर, म्हणजे जोडणीचा खटका, लावलाय. बसतो ना तो, खटकन बसतो, म्हणून तर कोणाला शंका आली नाही. तेव्हापासून मी या कनेक्टरांच्या मागे लागलोय.

मूळ अडचण समजली की बाकी सोपं आहे. फायबर म्हणजे 125 मायक्रॉन जाडीची काच, आणि लांबच्या लाइनीत उजेड धावतो तो तिच्या मधल्या जेमतेम 9 मायक्रॉनमधून. असे दोन ठिपके अगदी समोरासमोर आणायचे, आणि तेही पुन्हा काढता येतील असे. 1970 साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने कमी लॉसची, म्हणजे वाटेत उजेड फार न गमावणारी काच बनवली, 1979 ला आपल्या पुण्यात दोन टेलिफोन एक्सचेंजमध्ये फायबर पडलीसुद्धा, पण जोडायचं कसं हा प्रश्न चालूच होता.

अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधनाच्या बेल लॅब्सने बायकोनिक नावाचा कनेक्टर काढला, निमुळत्या टोकाचा. त्याला खाच नव्हती, त्यामुळे काढून परत लावला की टोक थोडं फिरायचं आणि लॉस बदलायचा. मग जपानच्या एनटीटी या टेलिफोन कंपनीने एफसी आणला, आट्यांचा, खाच असलेला, हादऱ्याने न हलणारा. टेस्टिंगच्या मशीनवर तो अजून दिसतो. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीचा एसटी आपल्या जुन्या बल्बसारखा, दाबायचा नि फिरवायचा. पण रॅकमध्ये, म्हणजे खूप केबली लागतात त्या मांडणीत, गर्दी झाली की फिरवायला बोटंच जात नाहीत, म्हणून एनटीटीचाच चौकोनी एससी आला, सरळ ढकला, सरळ ओढा. घरातला तो हाच. पुढे ल्युसेंट कंपनीने आतली पांढरी सिरॅमिकची नळी, फेरूल म्हणतात ती, 2.5 मिलिमीटरवरून 1.25 वर आणली आणि एलसी झाला, जागा निम्मी.

पण माझ्या मते खरी कमाल टोकाच्या पॉलिशमध्ये आहे. सुरुवातीला दोन टोकांत हवेची फट राहायची आणि काच-हवेच्या प्रत्येक पृष्ठावरून साधारण 4 टक्के उजेड मागे फिरायचा. म्हणून टोक किंचित गोल घासायला लागले, म्हणजे मधले ठिपके एकमेकांना खरोखर टेकतात. हे पीसी, आणि त्याचंच जास्त बारीक पॉलिश केलेलं यूपीसी, रंग निळा. तरी थोडा उजेड परत तो पाठवणाऱ्या लेझरकडे जायचाच, आणि फायबरवरून टीव्हीचा सिग्नल पाठवायचा तर तेवढाही चालत नाही. मग टोक 8 अंश तिरकं घासलं, परतणारा उजेड वाट चुकून बाजूच्या काचेत जिरतो. हे एपीसी, रंग हिरवा.

आता तिरक्या टोकासमोर सरळ टोक लावलं की मध्ये पाचरीसारखी फट राहते, उजेड सांडतो, वर टोकांना चरे पडायची भीती. आमच्याकडे नेमकं हेच झालेलं. हिरव्या कनेक्टरची पॅचकॉर्ड, म्हणजे जोडणीची छोटी केबल, लावली, टोकं पुसून घेतली, दिवा तेव्हापासून हिरवाच आहे.