आठव्या महिन्यातलं बाळ आणि मिटणारे फुगे

"सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं नाही" हे परवा पुन्हा ऐकलं, तेही चांगल्या शिकलेल्या माणसाकडून. ही समजूत प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या काळापासून चालत आलीय आणि साफ चुकीची आहे. आठव्या महिन्यात आलेल्या बाळाची जगायची शक्यता सातव्यातल्यापेक्षा जास्तच असते आणि त्याचं मोठं कारण फुफ्फुसात आहे.

१५०० ग्रॅमच्या आतलं बाळ म्हणजे अतिशय कमी वजनाचं. बहुतेक वेळा ते दिवस भरायच्या आधीच आलेलं असतं आणि पहिली झुंज श्वासाची. फुफ्फुसात लाखो बारीक फुगे असतात, आतून ओले, आणि पाण्याचा पृष्ठताण त्यांना आत ओढत असतो. फुग्याची त्रिज्या निम्मी झाली की तो उघडा ठेवायला दुप्पट दाब लागतो, म्हणजे श्वास सोडला की फुगा मिटणार आणि पुढचा श्वास पुन्हा शून्यापासून. नवा कोरा फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जड जाते आठवा, तसा या बाळाचा प्रत्येक श्वास.

आपण वाचतो ते सर्फॅक्टंटमुळे. या स्निग्ध रेणूंचं एक टोक पाण्यात, दुसरं हवेत, फुगा आकसला की ते दाटीवाटीनं जवळ येतात आणि ताण नेमका तेव्हाच उतरतो! हे साधारण २४व्या आठवड्यापासून बनायला लागतं, पुरेसं होतं ३४-३५व्या आठवड्याच्या आसपास. ते नसलं की बाळ कण्हतं, बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत जाते.

अमेरिकी डॉक्टर मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये श्वासाच्या या आजाराचं हे कारण दाखवलं. तरी १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा नवजात मुलगा पॅट्रिक, दोन किलोच्या वरचा, याच आजारानं दोन दिवसांत गेला, कारण औषधच नव्हतं. १९८० मध्ये जपानचे डॉक्टर फुजिवारा यांनी गायीच्या फुफ्फुसातून तयार केलेलं सर्फॅक्टंट बाळांना दिलं आणि चित्र पालटलं. आता दुधासारखं पांढरं औषध नळीतून श्वासनळीत सोडतात, बऱ्याचदा काही मिनिटांतच ऑक्सिजन कमी करता येतो. मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता दिसली तर आईलाच आधी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्यानं बाळाचं फुफ्फुस लवकर तयार होतं.

श्वास सावरला तरी मेंदूतला रक्तस्राव, आतड्याची सूज, जंतुसंसर्ग हे धोके असतातच (आतड्यासाठी आईचं दूध सगळ्यात चांगलं). आणि डोळे. ऑक्सिजन जास्त झाला तरी रेटिनाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) रक्तवाहिन्या बिघडतात, म्हणून तो मोजून देतात. साधारण चार आठवड्यांनी, फारच लवकर आलेल्यांची त्याआधीच, डोळ्यांची तपासणी असते, ती कृपा करून चुकवू नका, बाहेरून डोळे अगदी छान दिसतात आणि आजार वाढला तर उपचाराला दोन-तीन दिवसच हातात असतात.