कॉकटेलमधलं पाणी

डाइकिरी नावाच्या कॉकटेलला तीनच गोष्टी लागतात: रम, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक. पण बर्फ घातलेला शेकर (पेय हलवून मिसळायचं झाकणाचं भांडं) हलवून झाल्यावर पेल्यात जे पडतं, त्याचा जवळपास एक तृतीयांश भाग या तिन्हींपैकी कशाचाच नसतो. ते असतं वितळलेल्या बर्फाचं पाणी. कृतीत ते बहुतेक वेळा लिहिलेलंही नसतं, आणि तरी तेच वगळलं तर उरलेलं मिश्रण इतकं गोड, आंबट आणि जळजळीत लागेल की दुसरा घोट घ्यावासा वाटणार नाही. मिश्र पेयांची आवड दोनशेहून अधिक वर्षं का टिकून आहे, याचं उत्तर मला बाटल्यांपेक्षा या पाण्यात जास्त सापडतं.

१३ मे १८०६ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन इथल्या एका वृत्तपत्राने वाचकाच्या शंकेला उत्तर म्हणून कॉकटेलची व्याख्या छापली: कोणतंही कडक मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. पाणी तेव्हाही होतं, बर्फ मात्र नव्हता. योगायोग असा, की त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्रेडरिक ट्यूडर या तरुण व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यातून कापलेला बर्फ जहाजात भरून बॉस्टनहून कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर पाठवला. त्या फेरीत तो तोट्यात गेला. पण पुढच्या काही दशकांत बर्फाचा व्यापार असा वाढला, की अमेरिकेतल्या शहरांत भर उन्हाळ्यातही बर्फ सहज मिळू लागला. आज आपण ज्याला कॉकटेल म्हणतो ते खरं तर तेव्हा घडलं.

बर्फ पेय गार कसं करतो? तो स्वतः गार असतो म्हणून, असं वाटतं. पण त्याचा वाटा फार थोडा आहे. उणे १८ अंशांचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशापर्यंत तापताना साधारण ९ कॅलरी उष्णता शोषतो. तोच एक ग्रॅम शून्य अंशालाच राहून वितळताना मात्र ८० कॅलरी शोषतो. म्हणजे गारव्याचं जवळजवळ सगळं काम वितळण्यातून होतं. शंभर ग्रॅम मिश्रण २५ अंशांवरून उणे ५ पर्यंत न्यायचं, तर साधारण ३५ ग्रॅम बर्फाचं पाणी व्हावंच लागतं. बर्फाने पेय गार करायचं पण पाणी होऊ द्यायचं नाही, हे जमणारं नाही. बर्फाऐवजी पेल्यात टाकायचे थंड केलेले दगड विकत मिळतात, ते निराश करतात ते याचमुळे. शंभर ग्रॅम दगड उणे १८ वरून शून्यावर येताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी साधारण ५ ग्रॅम बर्फ वितळताना घेतो.

आता यातली सगळ्यात नवलाची गोष्ट. शून्य अंशाचा, पाझरायला लागलेला बर्फ घेऊनही शेकरमधलं पेय शून्याच्या खाली, उणे ५ च्या आसपास जातं. शून्याच्या वस्तूने दुसरी वस्तू शून्याखाली कशी न्यायची? उत्तर बर्फाच्या पृष्ठभागावर आहे. तिथे पाण्याचे रेणू सतत बर्फातून सुटत असतात आणि द्रवातले रेणू परत येऊन बर्फाला चिकटत असतात. शुद्ध पाण्यात शून्य अंशाला सुटणारे आणि चिकटणारे यांची संख्या सारखी असते. पण भोवतालच्या द्रवात अल्कोहोल आणि साखर मिसळली, की पृष्ठभागापाशी येणाऱ्यांत पाण्याचे रेणू कमी पडतात. सुटणं चालूच, चिकटणं मात्र मंदावलेलं. म्हणजे बर्फ वितळतच राहतो. वितळायला उष्णता हवी, ती बाहेरून पुरेशी मिळत नाही, म्हणून तो ती पेयातून आणि स्वतःतूनच काढून घेतो. दोघंही थंड होत जातात. थंडीमुळे रेणूंचं सुटणं कमी होतं आणि सुटणं-चिकटणं यांचा मेळ पुन्हा बसतो, तेव्हाच तापमान स्थिरावतं. जोरात हलवलं तर दहा-पंधरा सेकंदांत पेय या स्थितीच्या जवळ पोचतं. त्यापुढे कितीही हलवलं तरी फारसा फरक पडत नाही. चमच्याने ढवळून तिथवर जायला बराच जास्त वेळ लागतो आणि सहसा मध्येच थांबलं जातं, म्हणून ढवळलेलं पेय कमी पातळ आणि थोडं कमी गार असतं.

गारव्याने चवही बदलते. गोडाची जाणीव मेंदूकडे पोचवण्यात जिभेवरच्या चव-पेशींतल्या टीआरपीएम५ नावाच्या प्रथिन-वाहिनीचा मोठा हात असतो. ही वाहिनी १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तापमानाबरोबर अधिकाधिक कार्यक्षम होते, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. म्हणूनच गारेगार असताना नेमकं वाटलेलं कॉकटेल कोमट झालं की मिट्ट गोड लागतं. साखर तेवढीच असते, जीभ वेगळं सांगत असते.

पाणी वासालाही मोकळं करतं. स्वीडनमधल्या लिनेअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर पाणी, अल्कोहोल आणि व्हिस्कीला धुरकट वास देणारं ग्वायकॉल यांचं मिश्रण उभं केलं. अल्कोहोलचं प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागापाशी, म्हणजे नाकाच्या वाटेवर, गोळा होतं. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलच्या रेणूंनी वेढलं जाऊन खोल आत राहतं.

अल्कोहोलची जळजळ हा मात्र खऱ्या अर्थाने इशारा आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिनने जागा होणारा टीआरपीव्ही१ हा मज्जातंतूंवरचा संवेदक एरवी ४२ अंशांच्या आसपास ‘भाजतंय’ असं कळवतो. अल्कोहोलमुळे ही मर्यादा सुमारे ३४ अंशांवर येते, म्हणून तोंडाच्या नेहमीच्या उबेनेही चटका बसतो. गारवा, साखर आणि पाणी मिळून हा इशारा दाबतात, आणि कॉकटेलच्या गोडीतला धोका इथेच आहे. ६० मिलिलिटर रममध्ये १९ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं. ते चवीतून गायब झालं तरी यकृतापर्यंत सगळंच्या सगळं जातं. अल्कोहोलयुक्त पेयं १९८८ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहेत, आणि कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. चव चांगली जमली म्हणून या आकड्यांकडे काणाडोळा करणं मला पटत नाही.

म्हणून मला जास्त कुतूहल आहे ते अल्कोहोलविरहित कॉकटेलचं. ते जमवणं खरोखर अवघड आहे. दहा टक्के साखरेचं पाणी उणे अर्ध्या अंशाच्या थोडं खालीच गोठू लागतं, त्यामुळे शेकरमध्ये ते उणे पाचपर्यंत जाऊच शकत नाही. चटका हवा तर आलं किंवा मिरची वापरता येते, कारण त्यांची हाक त्याच टीआरपीव्ही१ ला ऐकू जाते. वासाचा प्रश्न त्याहून चिवट. लिंबाच्या सालीतलं सुगंधी लिमोनिन अल्कोहोलमध्ये सहज विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच; ते तेलासारखं वर तरंगतं. त्याला पाण्यात धरून ठेवायला बाभळीच्या डिंकासारखा पदार्थ लागतो. तो तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती आवरण धरतो, थेंब एकमेकांत मिसळू देत नाही, आणि सुगंध वरच्या तवंगाऐवजी सगळ्या पेल्यात पसरलेला राहतो.