जपानमध्ये शिबा पाळायचाय? पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रं

शिबा हा जपानने ‘नैसर्गिक स्मारक’ म्हणून जाहीर केलेला कुत्रा. तेव्हा तो पाळायला सरकारची खास परवानगी लागत असेल, असं तिकडे राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना वाटतं. तशी परवानगी लागत नाही, आणि परदेशी नागरिकालाही आडकाठी नाही. नियम आहेत ते कुठल्याही कुत्र्याला लागू असलेलेच. मात्र ते चुकवले तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

हा दर्जा सहा जातींना आहे: अकिता (1931), काई आणि किशू (1934), शिबा (1936), शिकोकू आणि होक्काइदो (1937). कोशी नावाची सातवी जातही 1934 मध्येच यादीत आली होती, पण पुढे ती नामशेष झाली. सरकारी शिक्का तिला वाचवू शकला नाही. बाकीच्या टिकल्या त्यात मोठा वाटा आहे वंशावळीच्या नोंदवह्या सांभाळणाऱ्या संस्थांचा: ओदाते गावची 1927 ची अकिता संवर्धन संस्था आणि 1928 ची निहोन केन होझोनकाई, जिला सगळे ‘निप्पो’ म्हणतात.

आधी घराचा करार बघा

भाड्याच्या घरात ‘पेट्टो का’ म्हणजे पाळीव प्राणी चालतील असं लिहिलेलं नसेल, तर पुढचं काहीच करू नका. असं लिहिलेल्या घरांनाही बहुधा डिपॉझिट जास्त मागतात.

पिल्लू घेताना

विक्रेता नोंदणीकृत हवा, आणि त्याने त्याच्या जागेवर पिल्लू प्रत्यक्ष दाखवून, समोरासमोर माहिती द्यायला हवी. नुसता फोटो बघून घरपोच मागवणं कायद्यात बसत नाही. समजावून सांगायचे 18 मुद्दे ठरलेले आहेत, आणि ते ऐकल्याची सही तुमच्याकडून घेतली जाते. सही करायच्या आधी पिल्लाची जन्मतारीख नीट बघा. जून 2021 पासून 56 दिवसांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. गंमत अशी की या सहा स्मारक जातींनाच त्यातून सूट आहे: फक्त याच जातींची पैदास करणारा ब्रीडर थेट मालकाला 49 दिवसांनंतर पिल्लू देऊ शकतो. माझं मत विचाराल तर सूट असली तरी आठवा आठवडाही पिल्लू आईजवळच राहू द्या.

नोंदणी, दोन ठिकाणी

जून 2022 पासून विक्रेत्याने मायक्रोचिप बसवून द्यायची असते. पिल्लासोबत चिपचं नोंदणी प्रमाणपत्र मागून घ्या. त्यावर चिपचा क्रमांक आणि एक सांकेतिक क्रमांक असतो. तो हरवला तर मालकाचं नाव बदलताना डोकेदुखी होते. पिल्लू घेतल्यापासून 30 दिवसांत पर्यावरण मंत्रालयाच्या यादीत मालक म्हणून तुमचं नाव लागलं पाहिजे. हे काम ऑनलाइन होतं.

दुसरी नोंद कुयाकुशोत म्हणजे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, रेबीज प्रतिबंधक कायद्याखाली. कुत्रा 91 दिवसांचा झाल्यावर 30 दिवसांत ती करायची. बहुतेक ठिकाणी फी 3000 येन, आयुष्यात एकदाच. सोबत रेबीजच्या लशीचं पशुवैद्याचं प्रमाणपत्र न्या, म्हणजे लशीचा बिल्लाही तिथेच मिळतो. लस मात्र दर वर्षी. काही महापालिकांत चिपची नोंद हीच कुत्र्याची नोंद धरतात, काहींत नाही. तुमच्याकडे काय आहे, ते खिडकीवरच विचारा. घर बदललं की नव्या पत्त्याची नोंदही राहता कामा नये.

वंशावळीचा कागद

हा कायद्याने सक्तीचा नाही, म्हणून लोक टाळतात. पण जात टिकते ती याच कागदावर. निप्पो आणि जपान केनेल क्लब यांच्या नोंदवह्या वेगळ्या, तेव्हा पिल्लाचा कागद कुणाचा ते आधी विचारा आणि त्यावर मालक बदलल्याची नोंद करून घ्या. निप्पोची मापं काटेकोर आहेत: खांद्यापर्यंतची उंची शिबा नराची 38 ते 41 सेंटीमीटर, मादीची 35 ते 38, शिवाय तोंड उघडून दातही मोजतात.

अकिता घेणाऱ्यांनी प्रांताचा नियमही तपासावा. इबाराकीत तो ‘विशिष्ट कुत्र्यां’च्या यादीत आहे आणि पिंजऱ्यातच ठेवावा लागतो. एकीकडे स्मारक, दुसरीकडे गजाआड!

भारतात परतताना

व्यापारी पैदाशीसाठी कुत्रे आणायला भारतात 2016 पासून बंदी आहे. मुक्काम हलवून कायमचे परतणाऱ्याला दोन पाळीव प्राण्यांपर्यंत आणता येतात. त्यासाठी मुंबईसारख्या ठिकाणच्या पशु विलगीकरण केंद्राचं ना-हरकत पत्र, चिप, रेबीजची लस आणि जपानी पशु विलगीकरण विभागाचं आरोग्य प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. कुत्र्याला घेऊन पुन्हा जपानला जायचं असेल, तर जपान सोडण्याआधी तिथेच रेबीज अँटिबॉडीची रक्ततपासणी करून घ्या. रक्त घेतल्याच्या दिवसापासून 180 दिवस भरावे लागतात आणि जपानला येण्याची सूचना तिथल्या विलगीकरण विभागाला किमान 40 दिवस आधी द्यावी लागते. दिवस कमी पडले, तर तेवढे दिवस कुत्रा विमानतळाच्या विलगीकरणात अडकतो आणि सांभाळायचा खर्च तुमच्या माथी.