लागण, खोडवा आणि निडवा : ‘फ्रेझर’च्या वादाची पार्श्वभूमी

ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला ‘फ्रेझर’ या टीव्ही मालिकेचा वाद समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. लागणीचा ऊस तुटला की त्याच बुडख्यांतून फुटून येतो तो खोडवा, आणि खोडवाही तुटल्यावर तिसऱ्यांदा येतो तो निडवा. बेण्याचा खर्च नाही, नांगरट नाही, सऱ्या सोडायच्या नाहीत. खत-पाणी दिलं की पीक उभं. म्हणून खोडवा बहुतेकजण ठेवतात. निडव्याची वेळ आली की मात्र घरात दोन तट पडतात. थोरला म्हणतो, आयतं पीक कशाला मोडायचं? धाकटा म्हणतो, रान थकलंय, आता पालट करू.

अमेरिकी टीव्हीवर ‘चीअर्स’ ही लागण, ‘फ्रेझर’ हा तिचा खोडवा आणि २०२३ साली त्याच नावानं आलेली मालिका हा निडवा. जानेवारी २०२५मध्ये पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंग सेवेनं दोन पर्वांनंतर हा निडवा मोडला. तेव्हापासून चाहत्यांची जुंपली आहे. मालिका पुढे चालायला हवी होती का? दुसऱ्या कुणी तिला आसरा द्यावा का? की २००४ नंतर फ्रेझर क्रेनला कुणी हातच लावायला नको होता? गंमत अशी की दोन्ही बाजू पुरावे काढतात ते एकाच पोत्यातून, म्हणजे जुन्या मालिकेतून. तेव्हा ते पोतं आधी उघडून बघितलेलं बरं.

‘चीअर्स’ एनबीसीवर ३० सप्टेंबर १९८२ला सुरू झाली. बॉस्टनमधला एक तळघरातला बार, आणि मालक सॅम मलोन हा दारू सुटलेला माजी बेसबॉलपटू. पहिल्या वर्षी तिला कुणी फारसं बघतच नव्हतं, तरी वाहिनीनं धीर धरला आणि पुढे ती अकरा पर्वं चालली. तिसऱ्या पर्वात, १९८४मध्ये, सॅम आणि डायान या जोडीच्या मध्ये आणून उभा करायला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा होता. काम थोड्याच भागांचं. ते केल्सी ग्रॅमर या रंगभूमीवरच्या नटाला मिळालं. डायान त्याला ऐन लग्नाच्या वेळी इटलीत सोडून गेली. कथेच्या हिशोबानं डॉ. फ्रेझर क्रेनचं काम तिथंच संपायला हवं होतं, पण हा गडी दुःख बुडवायला बारमध्ये येऊन बसला तो १९९३मध्ये मालिका संपेपर्यंत उठलाच नाही. मधल्या काळात त्यानं लिलिथ नावाच्या, त्याच्याहून थंड डोक्याच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईशी लग्न केलं. फ्रेडरिक नावाचा मुलगाही झाला. हे पोर लक्षात ठेवा.

लोकप्रिय मालिकेचा फुटवा काढणं ही तिथं जुनी शेती आहे. ‘ऑल इन द फॅमिली’मधून १९७२ला ‘मॉड’ निघाली आणि १९७५ला ‘द जेफर्सन्स’. या दुसरीनं स्वतःची अकरा पर्वं केली. पण जळून गेलेले फुटवेही पुष्कळ. ‘मॅश’ संपल्यावर त्यातली तीन पात्रं उचलून काढलेली ‘आफ्टरमॅश’ लवकरच गुंडाळावी लागली. ‘चीअर्स’चाही एक फुटवा आधी निघून गेला होता : १९८७ची ‘द टॉर्टेलीज’. वेट्रेस कार्लाच्या आधीच्या नवऱ्याला लास व्हेगासला नेऊन बसवलं आणि तेरा भागांत खेळ आटोपला. त्यामुळे १९९३मध्ये फ्रेझरवर मालिका काढायची म्हटल्यावर ती चालेलच असं छातीठोक सांगणं कुणालाही अवघड होतं.

खुद्द लेखकांनाही ती नको होती. डेव्हिड अँजेल, पीटर केसी आणि डेव्हिड ली हे तिघं ‘चीअर्स’चेच लेखक, १९९०मध्ये त्यांनी ‘विंग्ज’ ही स्वतःची मालिका काढली होती. ग्रॅमरसाठी त्यांनी सुचवलं होतं ते वेगळंच : अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला एक कोट्यधीश मासिकमालक, आणि त्याची फटकळ नर्स. स्टुडिओनं नकार दिला. ग्रॅमर हवा, तर फ्रेझरच हवा. मग त्या फेटाळलेल्या कल्पनेतून एकच काडी वाचली. घरात एक जायबंदी माणूस आणि त्याची देखभाल करणारी बाई. मासिकमालकाच्या जागी आला फ्रेझरचा बाप मार्टिन, कमरेत गोळी लागून निवृत्त झालेला पोलीस. आणि नर्सच्या जागी आली मँचेस्टरची डॅफ्नी.

खोडवा ठेवणारा शेतकरी ऊस तुटल्या तुटल्या कोयता घेऊन बुडखे जमिनीलगत छाटतो. वर राहिलेल्या खुंटाचे फुटवे लुळे निघतात. जमिनीखालून येतात तेच जोमदार. या तिघांनी नेमकं हेच केलं. फ्रेझरला बॉस्टनमधून उचलून पार दुसऱ्या किनाऱ्यावर, सिएटलला नेला. त्यात हेतू सरळ होता : पहिल्याच वर्षी वाहिनीनं ‘जरा सॅमला बोलवा, जरा नॉर्मला बोलवा’ असा जुन्या बारमधल्या मंडळींसाठी तगादा लावू नये. पहिल्या पर्वात जुन्या मंडळींपैकी आली ती फक्त घटस्फोटित लिलिथ. सॅम दुसऱ्या पर्वात आला, डायान तिसऱ्यात, तेही पाहुणे म्हणून.

छाटणी इतकी बेदरकार होती की तिनं जुनी कथाच खोटी पाडली. ‘चीअर्स’मध्ये फ्रेझरनं सांगून ठेवलं होतं की आपला बाप शास्त्रज्ञ होता आणि तो वारला. आता बाप जिवंत, आणि पोलीस! सॅम सिएटलला आला तेव्हा त्यानं हे तोंडावर विचारलंच. त्यावर फ्रेझरचं उत्तर असं की तेव्हा बापाशी भांडण झालं होतं, म्हणून मारून टाकला. दोन वाक्यांत दुरुस्ती संपली. ‘नवी मालिका जुन्याशी प्रामाणिक नाही’ असं जे आज रागानं म्हणतात, त्यांनी हा प्रसंग एकदा परत बघावा.

पहिला भाग दिसला १६ सप्टेंबर १९९३ला, गुरुवारी, ‘साइनफेल्ड’च्या पाठोपाठ. त्यातलं एक दृश्य मी किती वेळा पाहिलं याचा हिशोब नाही. फ्रेझरचं उंचावरचं घर, काचेतून दिसणारं सिएटल. प्रत्येक वस्तूला वंशावळ : खुर्ची ईम्सची, सोफा कोको शॅनेलच्या पॅरिसमधल्या सोफ्याची हुबेहूब नक्कल. आणि या देवघरात हमाल एक आरामखुर्ची आणून ठेवतो. हिरवट पट्ट्यांची, उसवलेली, चिकटपट्ट्यांनी जागोजाग डागडुजी केलेली. मार्टिन टीव्हीसमोरची जागा दाखवतो आणि खुर्ची तिथं बसते. पुढची अकरा वर्षं ती हललीच नाही म्हणा ना. बाप-लेकाचं भांडण, शिक्षणानं पडलेलं अंतर, पोराला बापाची वाटणारी लाज आणि त्या लाजेची लाज, हे सगळं त्या एका खुर्चीत आहे. सुशिक्षित झालेल्या आपल्या कितीतरी घरांत वडिलांचा असा एखादा लोखंडी पलंग किंवा ट्रंक असते, जी फेकवतही नाही आणि पाहुण्यांपुढे ठेववतही नाही.

धाकटा भाऊ नाइल्स तर आधी आराखड्यातच नव्हता. डेव्हिड हाइड पियर्सचा फोटो कुणीतरी समोर ठेवला. तो तरुणपणीच्या ग्रॅमरसारखा दिसत होता, आणि त्यातून भाऊ जन्माला आला. नाइल्सची बायको मॅरिस पडद्यावर कधीच दिसली नाही, आणि डॅफ्नीवरचं त्याचं मुकं प्रेम लेखकांनी सात पर्वं ताणलं. १९९९च्या व्हॅलेंटाइन डेच्या भागाची सुरुवात आठवून पाहा. नाइल्स एकटाच, विजार इस्त्री करतोय. एक सुटलेला धागा दिसतो म्हणून कात्री घेतो, बोट कापतं, रक्त पाहून भोवळ येते, आणि तेवढ्यात आग. सोफा जळतो. कितीतरी मिनिटं एक शब्द नाही. शब्दबंबाळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या मालिकेनं हे करून दाखवलं. ‘नाइल्स नाही तर फ्रेझर नाही’ असं म्हणणारा गट अशा दृश्यांवर पोसला आहे, आणि मला तो चूक वाटत नाही.

कौतुकाचे आकडे थोडक्यात : २६४ भाग, १९९४ ते १९९८ सलग पाच वर्षं सर्वोत्तम विनोदी मालिकेचं एमी हे टीव्हीचं पारितोषिक, एकूण ३७ एमी. हा विक्रम २०१६पर्यंत टिकला. उतारही होता. नाइल्स आणि डॅफ्नी २०००मध्ये एकत्र आले आणि इतकी वर्षं ताणलेली दोरी एकदम सैल पडली. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्या विमानात डेव्हिड अँजेल आणि त्यांची पत्नी लिन होते. शेवटच्या पर्वासाठी जुने लेखक ख्रिस्तोफर लॉइड आणि जो कीनन परतले आणि मालिका सावरली. १३ मे २००४ला अखेरचा भाग. नाइल्स-डॅफ्नीच्या मुलाचं नाव डेव्हिड ठेवलं, ते अँजेल यांच्या आठवणीत. फ्रेझर नव्या नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघाला आहे असं सगळे समजत असतात. विमान उतरतं ते शिकागोला, एका बाईच्या ओढीनं. त्या उघड्या टोकानंच पुढची वीस वर्षं ‘पुढे काय झालं?’ हा प्रश्न जागता ठेवला.

त्याच्या आठवडाभर आधी, ६ मेला, ‘फ्रेंड्स’ संपली होती आणि सप्टेंबरात तिचा फुटवा ‘जोई’ आला. त्यालाही शहर बदलून लॉस एंजलिसला नेलं होतं. दोन पर्वांत तो वाळला. म्हणजे शहर बदललं की झालं, असंही नाही. फ्रेझरला सिएटलमध्ये बाप मिळाला, भाऊ मिळाला, घरात रोज उठून हरायला जागा मिळाली. जोईच्या वाट्याला त्या तोलाचं कुणी आलं नाही.

पॅरामाउंट प्लसनं फेब्रुवारी २०२१मध्ये नव्या ‘फ्रेझर’ची घोषणा केली. तोवर जॉन महोनी, म्हणजे मार्टिन, गेले होते (४ फेब्रुवारी २०१८). पियर्सनं परत यायला नकार दिला. ते काम आपलं करून झालं, अशी त्याची भूमिका. १२ ऑक्टोबर २०२३ला मालिका आली ती बॉस्टनमध्ये. फ्रेझर हार्वर्डमध्ये शिकवतो, आणि ‘चीअर्स’मध्ये जन्मलेलं ते पोर, फ्रेडी, हार्वर्ड सोडून अग्निशमन दलात भरती झालंय. आता नाक वर करणारा बाप फ्रेझर आणि साधं जगणारा मुलगा फ्रेडी. कल्पना चोख आहे, नव्वदच्या दशकातला आरसा उलटा धरलेला. बारचं नाव ‘महोनीज’. पहिल्या दोन भागांचं दिग्दर्शन जेम्स बरोज यांचं, ‘चीअर्स’च्या जन्मदात्यांपैकी एक.

नाइल्सच्या जागी दोघं लावले : ऑक्सफर्डचा जुना मित्र ॲलन, आणि नाइल्सचा मुलगा डेव्हिड, चालण्या-बोलण्यात बापाची सही सही नक्कल. शेतीच्या भाषेत याला नांग्या भरणं म्हणतात. मेलेल्या बुडख्याच्या जागी नवं रोप लावायचं. भरलेली नांगी जगते, पण भोवतीच्या उसाच्या सावलीत मागेच राहते. ॲलन झालेला निकोलस लिंडहर्स्ट मात्र अपवाद निघाला. पहिल्या काही भागांनंतर मी मालिका बघत होतो ती त्याच्यासाठी.

‘पुढे चालू द्या’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा वजनाचा आहे. दहा-दहा भागांची दोन पर्वं, म्हणजे एकूण वीस भाग. जुन्या मालिकेचं एक पर्वसुद्धा याहून मोठं असे. ‘चीअर्स’ला पहिल्या वर्षाच्या निकालावर तोलली असती तर फ्रेझर जन्मालाच आला नसता. दुसरं पर्व पहिल्यापेक्षा उजवं होतं, हेही खरं. तरी त्यातले सगळ्यांत जास्त गाजलेले क्षण कुठले? सिएटलमधल्या फ्रेझरच्या रेडिओ कार्यक्रमाची निर्माती रॉझ येते तो, लिलिथ येते तो, तो कार्यक्रम जिथून व्हायचा त्या केएसीएल रेडिओवर जुने सहकारी भेटतात तो. टाळ्या पडत होत्या त्या जुन्या बुडख्याला. १९९३च्या लेखकांनी जी छाटणी केली, ती २०२३च्या लेखकांना जमली नाही, किंवा त्यांना करू दिली नाही. ज्या शहरापासून पळून ही मालिका उभी राहिली, त्याच शहरात तिला परत आणून बसवली.

रद्द झाल्यावर मालिका बनवणारं सीबीएस स्टुडिओज तिला दुसरं घर शोधणार असल्याच्या बातम्या आल्या, आणि ग्रॅमरची इच्छा तर कधी लपलेलीच नव्हती. मला विचाराल तर फ्रेझरचं आणखी एक पर्व नको. पण २००४च्या शेवटी रॉझ डॉयल केएसीएलची मॅनेजर झाली होती, आणि त्यावर कुणी काही लिहिलंच नाही. तिची मुलगी ॲलिस दुसऱ्या पर्वात मोठी होऊन भेटली, ग्रॅमरच्या स्वतःच्या मुलीनं, ग्रीरनं, ती भूमिका केली. पहिल्या भागात काचेपलीकडे बसून फ्रेझरला त्याच्या चुका तोंडावर सांगणारी बाई हीच. आता ती साठीला आलेली, स्टेशन तिचं, रेडिओ ऐकणारं उरलंय कोण हा प्रश्न रोजचा, आणि काचेसमोर कुणीतरी नवा शहाणा येऊन बसलाय. फ्रेझरनं फार तर वर्षातून एकदा फोन करावा. लाइनवर, रांगेत थांबून.